संपत्तीची विषमता आणि पाण्याचे वाटप : कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रास्ताविक

निरनिराळ्या देशांच्या आर्थिक स्थितीची तुलना करू लागले म्हणजे प्रथम दरडोई उत्पन्नाचे आकडे पुढे येतात. त्यानंतर दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्येचे प्रमाण आणि शेवटी विषमतेचा गुणांक, असा हा क्रम बहुतेक ग्रंथांतून आढळतो. हे तिन्ही आकडे उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु गरीब गरीब का राहतो व श्रीमंताची संपत्ती कशाच्या आधारे वाढते, या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकाही आकड्यात नसते. ते उत्तर शोधावयाचे तर त्या त्या प्रदेशात उत्पन्न देणारी मूळ मत्ता कोणती, तिची मालकी कोणाकडे आहे व ती कोणत्या नियमाने वाटली गेली आहे, हे पाहावे लागते.

दक्षिण महाराष्ट्रात ही मत्ता म्हणजे जमीन, असे सामान्यतः समजले जाते. हे अर्धेच सत्य होय. ज्या प्रदेशात काही कोसांच्या अंतरात पर्जन्यमान दहापटीने बदलते, तेथे नुसती जमीन ही फारशी मोठी संपत्ती नव्हे. पाण्याखालची जमीन ही संपत्ती होय. जमिनीच्या विषमतेवर कायद्याने मर्यादा घातली, पण पाण्याचे वाटप मात्र जमिनीच्या मागोमाग होत राहिले. त्याचे परिणाम काय झाले, ते कोल्हापूर जिल्ह्याच्या आधारे व अन्य देशांच्या अनुभवाशी ताडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. सरासरी, रेषा आणि गुणांक

हिंदुस्थानच्या दारिद्र्याला आकड्यांचे रूप प्रथम दादाभाई नौरोजी यांनी दिले. १८६७ ते १८७० या काळातील ब्रिटिश हिंदुस्थानचे उत्पन्न दरडोई सुमारे २० रुपये पडते, असा हिशेब त्यांनी मांडला आणि त्या रकमेची तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी तुलना केली. सरासरी हा आकडा एकटा बोलत नाही, तो जगण्याच्या किमान खर्चाशेजारी ठेवला म्हणजेच बोलू लागतो, ही त्यांच्या पद्धतीतील खरी दृष्टी होती. इंग्लंडमध्ये सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराची पाहणी करून १९०१ साली दारिद्र्यरेषेची जी कल्पना मांडली, तिचे बीज या तुलनेत आधीच दिसते.

स्वातंत्र्यानंतर हा विचार पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत पुढे नेला गेला. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणशी दररोज २,२५० उष्मांक देणारा आहार ही कसोटी धरली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये व शहरात २२ रुपये ५० पैसे, अशी त्यांची रेषा ठरली. तिच्याखाली ग्रामीण लोकसंख्येचे सुमारे ४० टक्के व नागरी लोकसंख्येचे सुमारे ५० टक्के लोक येतात, असे त्यांनी दाखविले. पुढे सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २००९ साली ही पद्धत बदलली. त्या पद्धतीने २०११-१२ साली देशातील २१.९ टक्के लोक दरिद्री ठरले. त्याच वर्षासाठी रंगराजन समितीने २०१४ साली २९.५ टक्के हा आकडा दिला. लोक तेच, वर्ष तेच, माहितीही जवळजवळ तीच. फरक रेषेचा होता.

आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी जागतिक बँकेने वापरलेली रेषाही अशीच सरकत आलेली आहे. ती ठरविताना बाजारातील विनिमयदर न घेता क्रयशक्ती-समतेचा दर घेतात. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जेवढ्या वस्तू मिळतात तेवढ्याच वस्तूंना भारतात किती रुपये पडतात, ते पाहतात. ही रेषा २०२२ साली दररोज माणशी २.१५ डॉलर होती. जून २०२५ मध्ये ती ३ डॉलर करण्यात आली. या नव्या रेषेप्रमाणे २०२२-२३ साली भारतातील सुमारे ५.३ टक्के लोक अतिदरिद्री ठरतात. निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी सांगितलेली ४.२० डॉलरची रेषा घेतली तर हेच प्रमाण सुमारे २३.९ टक्के होते. दररोज १ डॉलर २० सेंटच्या फरकाने दरिद्री लोकांचे प्रमाण चौपटीहून अधिक वाढावे, याचा अर्थ इतकाच की, फार मोठा समाज रेषेच्या किंचित वर, एखाद्या आजारपणाच्या किंवा एखाद्या अवर्षणाच्या अंतरावर उभा आहे.

तिसरे साधन म्हणजे विषमतेचा गुणांक. अमेरिकन अभ्यासक मॅक्स लॉरेंझ यांनी १९०५ साली जो वक्र मांडला, त्यावरून इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी यांनी १९१२ साली आपला गुणांक सिद्ध केला. सर्वांकडे सारखे असेल तर तो शून्य. सर्व एकाकडेच असेल तर तो एकाच्या जवळ जातो. दक्षिण आफ्रिकेत तो ०.६३ च्या आसपास, ब्राझीलमध्ये ०.५० च्या थोडा वर, तर युरोपातील स्लोव्हाकियासारख्या देशात ०.२५ च्या आसपास आढळतो. भारतात २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग-खर्च सर्वेक्षणावरून तो ग्रामीण भागात ०.२३७ व नागरी भागात ०.२८४ असा निघाला. हे आकडे तसेच शेजारी मांडले तर भारत हा जगातील अत्यंत समतावादी देशांपैकी एक आहे, असा निष्कर्ष निघेल. त्याची तपासणी करावयास हवी.

३. उपभोग आणि संपत्ती

दक्षिण आफ्रिकेचा व भारताचा गुणांक उपभोग-खर्चावर आधारलेला आहे. ब्राझीलचा व युरोपीय देशांचा मात्र उत्पन्नावर. ही पहिली अडचण. उत्पन्न वाढले म्हणजे खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. वाढीचा मोठा भाग शिलकीत व मालमत्तेत जातो. गरिबाचा खर्च कधीकधी उत्पन्नाहून अधिक असतो, कारण तो कर्ज काढून भागविला जातो. त्यामुळे खर्चातील विषमता ही उत्पन्नातील विषमतेहून कमी दिसते आणि उत्पन्नातील विषमता ही संपत्तीतील विषमतेहून कमी दिसते. हा क्रम जवळजवळ सर्व देशांत आढळतो. स्वीडनसारख्या, करव्यवस्था व समाजकल्याण यांमुळे उत्पन्नाची विषमता कमी असलेल्या देशातही संपत्तीचे केंद्रीकरण मोठे आहे.

जागतिक विषमता अहवाल, २०२२ मधील आकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. त्यानुसार जगातील वरच्या १० टक्के लोकांकडे उत्पन्नाचा सुमारे ५२ टक्के, पण संपत्तीचा सुमारे ७६ टक्के वाटा आहे. खालच्या निम्म्या लोकांकडे उत्पन्नाचा ८.५ टक्के व संपत्तीचा अवघा २ टक्के. भारतापुरते पाहिल्यास वरच्या १० टक्क्यांकडे उत्पन्नाचा ५७ टक्के व संपत्तीचा सुमारे ६५ टक्के वाटा जातो. खालच्या निम्म्या लोकांकडे उत्पन्नाचा १३ टक्के व संपत्तीचा सुमारे ६ टक्के राहतो. अशा अंदाजांत गृहीतकांचा भाग मोठा असतो व त्यांविषयी मतभेदही आहेत. तथापि उपभोगाच्या गुणांकावरून जे समाधान वाटते ते टिकणारे नाही, एवढे यावरून निश्चित दिसते.

ही संपत्ती कोणत्या स्वरूपात आहे? अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षणाच्या २०१९ सालच्या फेरीनुसार ग्रामीण कुटुंबांच्या मालमत्तेपैकी सुमारे ६९ टक्के भाग जमिनीचा व २२ टक्के भाग इमारतींचा आहे. म्हणजे खेड्यातील संपत्तीची विषमता ही प्रामुख्याने जमिनीची विषमता होय. येथेच विवेचनाची दिशा बदलते. कारण जमीन ही निसर्गाने दिलेली, कायद्याने वाटलेली आणि कायद्यानेच फेरवाटता येण्याजोगी वस्तू आहे.

४. जमिनीचे फेरवाटप : अन्य देशांचा अनुभव

आर्थिक वाढीच्या प्रारंभीच्या काळात विषमता वाढते व पुढे ती आपोआप घटते, असा तर्क सायमन कुझनेट्स यांनी १९५५ साली मांडला होता. पूर्व आशियाचा अनुभव त्याला सरळ पुष्टी देत नाही. जपानमध्ये १९४६ नंतरच्या जमीनसुधारणेत गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांची कुळाकडील सर्व जमीन व गावातील जमीनदारांची मर्यादेबाहेरील जमीन सरकारने विकत घेऊन कुळांना दिली. सुधारणेपूर्वी लागवडीच्या जमिनीपैकी जवळजवळ निम्मी कुळांच्या हाती होती. १९५० च्या सुमारास हे प्रमाण एकदशांशावर आले. दक्षिण कोरियाने १९५० च्या कायद्याने व तैवानने १९५३ च्या कायद्याने सुमारे तीन हेक्टरांची मर्यादा घातली. या तिन्ही देशांत वेगवान औद्योगिक वाढ ही जमिनीच्या वाटपानंतर आली, आणि ती वाढ होत असताना विषमता लॅटिन अमेरिकेच्या पातळीला गेली नाही. याचे श्रेय एकट्या जमीनसुधारणेला देता येणार नाही. शिक्षणाचा प्रसार व रोजगाराची वाढ हीही कारणे होती. परंतु ज्याच्याजवळ स्वतःची जमीन होती तो मुलाला शाळेत पाठवू शकला, हा संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तेथे १९१३ च्या कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीय समाजासाठी देशातील सुमारे ७ टक्के जमीन राखून ठेवली व १९३६ साली ती मर्यादा सुमारे १३ टक्क्यांपर्यंत नेली. १९९४ नंतर राजकीय सत्ता बहुसंख्याकांकडे आली. पण आठ दशके चाललेल्या त्या वाटपाची छाया तेथील गुणांकावर आजही आहे. मत्तेचे वाटप एकदा गोठले म्हणजे मताधिकाराने ते आपोआप वितळत नाही, हा त्या देशाचा धडा आहे.

५. कोल्हापूर : जमीन, नदी आणि बंधारा

महाराष्ट्राचे स्थान या दोन टोकांच्या मध्ये आहे. दख्खनच्या पठारावर मोठी जमीनदारी फारशी नव्हती; येथील प्रश्न तुकड्यांचा होता. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा जो अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला, त्यात १७७१ साली सरासरी सुमारे ४० एकर असलेली धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचे दाखविले होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द करून त्या जमिनी धारकांच्या नावे रयतावा करण्याचे धोरण स्वीकारले. वेठीच्या सेवेशी जखडलेल्या जमिनीला मुक्त मालमत्तेचे रूप देण्याचा तो लक्षणीय प्रयत्न होता. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर १९४८ चा मुंबई कुळकायदा येथे लागू झाला, व १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिना’पासून कूळ हा कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. त्यानंतर १९६१ साली जमीनधारणेवर कमाल मर्यादा आली.

या मर्यादेचा तपशील मननीय आहे. १९७५ च्या दुरुस्तीनंतर बारमाही पाण्याच्या जमिनीस १८ एकर आणि कोरडवाहू जमिनीस ५४ एकर अशी मर्यादा ठरली. मधल्या प्रकारांस २७ व ३६ एकर. म्हणजे बारमाही भिजणारा एक एकर हा तीन कोरडवाहू एकरांच्या तोलाचा आहे, हे कायद्यानेच मान्य केले. संपत्तीवर मर्यादा घालताना कायद्याने पाणी मोजले. मात्र जे पाणी धरणांतून पुढे नव्याने उपलब्ध झाले ते वाटताना हा हिशेब ठेवला गेला नाही.

कोल्हापूर जिल्ह्याची रचना हा मुद्दा स्पष्ट करण्यास सोयीची आहे. पश्चिमेस गगनबावड्यास वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस शिरोळकडे तो सुमारे पाचशे मिलिमीटरवर येतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या सह्याद्रीचे पाणी घेऊन पंचगंगेला मिळतात. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत भोगावतीवर आरंभिलेले राधानगरीचे धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. या धरणाचे पाणी कालव्याने न नेता नदीतच सोडण्याची व ते ठिकठिकाणी बंधाऱ्यांनी अडविण्याची पद्धत येथे रूढ झाली. दगडी खांबांच्या खाचांतून पावसाळा संपताच बरगे बसवावयाचे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून पुराला वाट द्यावयाची, अशी ही रचना. राज्यभर ती ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ याच नावाने ओळखली जाते.

बंधारा पाणी साठवितो. पण ते शेतात आपोआप जात नाही. ते उपसावे लागते. त्यासाठी पंप, नळ, वीज आणि प्रारंभीचे भांडवल लागते. नदीकाठी जमीन असलेल्यांना व भांडवल उभे करू शकणाऱ्यांना ते प्रथम मिळाले. एकेकट्यास न झेपणारा खर्च अनेकांनी मिळून करावा यासाठी सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, आणि त्यांनी लहान शेतकऱ्यालाही पाण्याच्या कक्षेत आणले, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु या संस्थांतही पाणी मिळते ते क्षेत्राच्या प्रमाणात. ज्याची जमीन अधिक त्याला पाणी अधिक. ज्याची जमीन वर माळावर त्याला ते नाही. ज्याला जमीनच नाही त्याचा तेथे प्रश्नच येत नाही.

पाण्यामागून ऊस आला. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्या धर्तीवर पुढे कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा, वारणा, भोगावती, कुंभी-कासारी, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, शिरोळचा दत्त असे कारखाने उभे राहिले. रत्नाप्पा कुंभार, तात्यासाहेब कोरे यांसारख्यांनी या चळवळीला नेतृत्व दिले. अर्ध्या एकराच्या व दहा एकरांच्या सभासदास एकच मत, हे तत्त्व विषमतेला आवर घालणारे होते. नफा भागधारकांच्या खिशात न जाता उसाच्या दरात व शाळा, दवाखाने, रस्ते यांत गेला. येथील उसाचा साखर-उतारा राज्यात उच्च असल्याने दरही चांगला मिळाला. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीहून वर राहिले. जमीन असलेल्यांपुरते पाहिल्यास कोल्हापूरची वाटचाल लॅटिन अमेरिकेपेक्षा पूर्व आशियाला जवळची म्हणावी लागेल. मर्यादा आहे ती ‘जमीन असलेल्यांपुरते’ या शब्दांत.

६. पाच कुटुंबांचे उदाहरण

पाण्याचे वाटप विषमतेवर किती परिणाम करते हे एका काल्पनिक उदाहरणाने दाखविता येईल. एका गावात सारख्या आकाराची पाच कुटुंबे असून त्यांची जमीन अनुक्रमे १, २, ३, ४ व १० एकर, म्हणजे एकूण २० एकर आहे असे समजू. सर्व जमीन कोरडवाहू असताना जिनी गुणांक ०.४० येतो.

आता गावास आठ एकर भिजतील एवढे बारमाही पाणी मिळाले. नदीकाठ व भांडवल यांच्या जोरावर त्यांतील सहा एकरांचे पाणी पाचव्या कुटुंबास व दोन एकरांचे चौथ्यास मिळाले. कमाल मर्यादेच्या कायद्यातील प्रमाण धरून एक बागायती एकर म्हणजे तीन कोरडवाहू एकर, असा हिशेब केला, तर कुटुंबांची संपत्ती अनुक्रमे १, २, ३, ८ व २२ अशी होते. एकूण संपत्ती २० वरून ३६ वर गेली. गाव श्रीमंत झाले. सरासरी चारावरून सातांच्या वर गेली. कोणाचीही संपत्ती घटली नाही. पण गुणांक ०.४० वरून ०.५३ वर गेला.

तेच पाणी पाचही कुटुंबांत सारखे वाटले असते तर काय झाले असते? प्रत्येकास १.६ एकरांच्या पाण्याचा हक्क मिळाला असता. ज्याची जमीन अपुरी तो उरलेला हक्क शेजाऱ्यास वाट्याने देऊ शकला असता. तेव्हा संपत्ती अनुक्रमे ४.२, ५.२, ६.२, ७.२ व १३.२ अशी झाली असती. बेरीज पुन्हा ३६ च; परंतु गुणांक ०.२२ वर उतरला असता. कुटुंबे पाचच असल्याने येथे गुणांकाची कमाल किंमत एक नसून ०.८ आहे, हे ध्यानात ठेवून या आकड्यांकडे परस्परतुलनेपुरतेच पाहावयाचे आहे. त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. पाच कुटुंबांच्या सातबारावरील क्षेत्र दोन्ही वेळी तेच होते. फरक पडला तो केवळ पाण्याच्या वाटपाच्या नियमाने.

७. सरासरीच्या बाहेर राहिलेला माणूस

वरील उदाहरणात भूमिहीन कुटुंब घेतलेले नाही. प्रत्यक्षात ऊसशेतीचा एक मोठा आधार हे कुटुंबच आहे. दिवाळीच्या सुमारास बीड व मराठवाड्याच्या अन्य अवर्षणप्रवण भागांतून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या फडांत येतात व हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, पाचटाच्या कोप्यांत राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात. मजुरीचा हिशेब माणसावर नसून कोयत्यावर व टनावर असतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल तोडणीतून फेडावयाची. एका हंगामात ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या नावे पडते. कामावर गैरहजेरी झाली तर खाडा धरला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याच्या तक्रारी आल्यावर राज्य सरकारला २०१९ साली त्यासंबंधी चौकशी समिती नेमावी लागली. दिवस न बुडविता हंगाम पुरा करण्याची सक्ती ही त्या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक होती.

या कुटुंबांपैकी अनेकांजवळ थोडीबहुत जमीन असते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ते सर्वच भूमिहीन नाहीत. ते पाणीहीन आहेत. महाराष्ट्रात ऊस हा लागवडीखालील क्षेत्राच्या सुमारे ४ टक्क्यांवर असून सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग तो घेतो, असा अंदाज आहे. एका खोऱ्यात पाणी उसाला मिळते व दुसऱ्या खोऱ्यातील पाण्यावाचून पडून असलेल्या शेताचा धनी तो ऊस तोडावयास येतो. दोन प्रदेशांमधील ही विषमता त्या दोहोंपैकी कोणत्याही एका जिल्ह्याच्या गुणांकात उतरत नाही. मोजणीच्या दृष्टीनेही हा माणूस निसटता आहे. वर्षातील पाच-सहा महिने त्याचे मूळ गावचे घर बंद असते आणि कोपीला घरक्रमांक नसतो. पाहणीत बंद घराऐवजी शेजारचे उघडे घर घेतले गेले, तर गावात राहू शकणाऱ्याची स्थिती गाव सोडावे लागणाऱ्याच्या नावे नोंदली जाते.

८. माणशी पाणी

पाण्याचे वाटप जमिनीवरून न करता माणसांवरून करता येईल काय, याचा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे काम सुरू केले व त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबास अधिकाधिक अडीच एकरांचे, पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला नाही व जमीन विकल्याने तो विकला जात नाही, भूमिहीनासही हक्क, आणि या पाण्यावर ऊस घ्यावयाचा नाही, हे तिचे मुख्य नियम होते. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी १९८० नंतरच्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधले, त्यामागेही भूमिहीनांसह सर्वांना पाण्याचा वाटा हेच तत्त्व होते. आटपाडी परिसरातील समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीने हाच आग्रह पुढे चालविला.

या प्रयोगांच्या मर्यादा लपविण्याचे कारण नाही. पाणी पंचायतीच्या अनेक योजना पुढे बंद पडल्या. उपशाचा वीजखर्च, देखभाल, आणि नगदी पिकाची ओढ यांपुढे नियम टिकविणे कठीण गेले. मोठ्या धरणाच्या लाभक्षेत्रात हा नियम लावावयाचा तर पाणी मोजून देण्याची यंत्रणा हवी व ज्यांना आज अधिक मिळते त्यांची संमती हवी. यांपैकी दुसरी गोष्ट पहिलीहून दुर्मिळ आहे.

तरीही तात्त्विक दृष्ट्या येथे एक महत्त्वाचा भेद आहे. दांडेकर व रथ यांनी १९७१ सालीच दाखविले होते की, फेरवाटपासाठी मिळू शकणारी जमीन दारिद्र्यनिवारणास पुरेशी नाही. म्हणून त्यांनी सार्वजनिक कामांतून रोजगाराचा मार्ग सुचविला. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेली रोजगार हमी योजना व तिचा १९७७ चा कायदा याच दिशेचे होते. २००५ साली त्या कल्पनेला देशव्यापी कायद्याचे रूप मिळाले. जमिनीविषयीचा त्यांचा निष्कर्ष पाण्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. जमीन ही खाजगी मालकीची व न वाढणारी वस्तू आहे. ती एकास द्यावयाची तर दुसऱ्याकडून घ्यावी लागते. नदीचे व धरणाचे पाणी मात्र खाजगी मालकीचे नसून शासनाच्या ताब्यात असते, आणि ते दरवर्षी नव्याने येते. म्हणजे ते कोणास द्यावयाचे हा निर्णयही दरवर्षी नव्याने होत असतो. आजचे वाटप हे निसर्गाचे नव्हे, नियमाचे फळ आहे. राज्याने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा करून समन्यायी वाटपाचे तत्त्व शब्दांत स्वीकारलेही आहे.

९. समारोप

देशोदेशींच्या विषमतेच्या अभ्यासातून जो निष्कर्ष निघतो तो असा की, उत्पन्न वाढू लागण्यापूर्वी किंवा वाढू लागताच मूळ मत्तेचे वाटप ज्या समाजाने रुंद पायावर केले, तेथे वाढीचे फळ रुंद पसरले. ज्याने ते केले नाही, तेथे पुढील काळात कर व अनुदाने यांनी ती उणीव पूर्ण भरून निघाली नाही. कोल्हापूरने जमिनीच्या व सहकाराच्या बाबतीत पहिल्या मार्गावर बरीच मजल मारली. पाण्याच्या बाबतीत तो हिशेब अपुरा राहिला, आणि त्याची किंमत मुख्यतः जिल्ह्याच्या आकडेवारीबाहेर राहणाऱ्या माणसांनी दिली.

यापुढे या विषयावर क्षेत्र-अभ्यास करणाऱ्याने तीन गोष्टींची नोंद प्रत्येक कुटुंबाबाबत घेणे इष्ट होईल : किती जमीन आहे, तिच्यापैकी किती, किती महिने व कोणाच्या हक्काने भिजते, आणि कुटुंबातील माणसे वर्षातील किती महिने गावाबाहेर राहतात. पहिली नोंद बहुतेक पाहण्यांत असते. दुसरी क्वचित असते. तिसरी मिळवावयाची तर प्रश्नपत्रिका घेऊन गावात एकदा जाऊन भागणार नाही. हंगामात फडावरच्या कोपीपर्यंत जावे लागेल.